मी तेथे नव्हतो

वाचन : लूक १४:१६–२४, मत्तय २५:३१–४६

कोर्टकचेरीत ‘ॲलिबाय’ हा शब्द आपल्यापैकी कित्येकांच्या कानी पडला असेल. शब्द मूळचा लॅटिन असून त्याचा अर्थ ‘अन्यत्र’ एवढाच आहे. गुन्हा घडला त्या वेळी मी त्या ठिकाणी नव्हतो, दुसरीकडे होतो, असे जे आरोपीचे म्हणणे, त्यास हे नाव आहे. एक मनुष्य एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही, या उघड गोष्टीवर त्याचा पाया आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात याचे उदाहरण दिले होते : गुन्हा कलकत्त्यास घडला आणि आरोपी त्या दिवशी लाहोरास होता, तर ही गोष्ट न्यायाधीशाने विचारात घेण्याजोगी आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही गावे बदलून चेन्नई व लडाख झाली. तत्त्व मात्र तेच राहिले.

निरपराध्यास हा मोठाच आसरा आहे. तथापि तो फुकट मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बिहारातील एका खटल्यात सांगितले, की प्रथम फिर्यादी पक्षाने आपला आरोप शाबीत करावा. परंतु मी अन्यत्र होतो असे म्हणणाऱ्यावर ते शाबीत करण्याचा बोजा जड आहे. त्या वेळी गुन्ह्याच्या जागी पोहोचणे त्याला अशक्य होते, असे दिसले पाहिजे. शेजारच्या आळीत होतो, एवढ्याने भागत नाही.

पुढे विसाव्या शतकात इंग्रजी बोलणारे लोक कोणत्याही निमित्तास हाच शब्द लावू लागले. आपल्या ‘सबब’ या शब्दाचीही गत तशीच झाली. मूळ अरबीत त्याचा अर्थ ‘कारण’. अर्जात आपण ‘सबब विनंती की’ असे लिहितो, तेथे तो अर्थ अजून टिकून आहे. पण घरीदारी सबब म्हणजे टाळण्याचा बहाणा. मनुष्याच्या तोंडी खरे कारणही हळूहळू बहाणा होऊन बसते, हे या दोन्ही शब्दांवरून दिसते.

प्रभूने सांगितलेल्या मोठ्या जेवणाच्या दाखल्यात तिघे जण आपल्या सबबी सांगतात. एकाने शेत विकत घेतले आहे, दुसऱ्याने बैलांच्या पाच जोड्या घेतल्या आहेत, तिसऱ्याचे नुकतेच लग्न झाले आहे. यांतला कोणी खोटे बोलला असे तेथे लिहिलेले नाही. शेत चांगले, बैल चांगले, लग्नही चांगले. तरी घरधन्यास राग आला. कारण जेथे बोलावणे होते तेथे यांपैकी कोणी आला नाही.

येथे एक भेद नीट ध्यानात घेऊ या. चोरी कोणी केली असा प्रश्न असेल, तर ‘मी तेथे नव्हतो’ हे पुरते उत्तर आहे. परंतु मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात डावीकडच्या लोकांवर चोरीचा किंवा मारहाणीचा आरोप नाही. भुकेल्यास त्यांनी लुटले नाही, आजाऱ्यास छळले नाही. ते त्यांच्याजवळ गेलेच नाहीत, हाच त्यांचा अपराध. अशा आरोपास ‘मी अन्यत्र होतो’ असे उत्तर दिले, तर तो बचाव होत नाही. तो कबुलीजबाब होतो.

आपल्या गावात काय चालते ते पाहा. गरिबाच्या बांधाचा तंटा पंचांपुढे येतो आणि खरे काय ते ठाऊक असलेला मनुष्य नेमका त्या दिवशी बाजारगाव गाठतो. शेजारच्या घरात सुनेला मार बसतो आणि आपण दार लावून घेतो. म्हातारी विधवा तापाने पडून असते आणि रविवारी उपासनेत तिचे नाव निघाले म्हणजेच मंडळीला ती आठवते. यांतल्या कोणत्याही गोष्टीसाठी फौजदार आपल्या दारी येणार नाही.

ज्यास जाणे खरोखर अशक्य होते, त्याच्या मनावर कोणी ओझे लादू नये; देव न्यायी आहे, जे शक्य नाही ते तो मागत नाही. परंतु कोर्टाची कसोटी आपण स्वतःस लावून पाहावी : मला तेथे पोहोचणे अशक्य होते काय, की केवळ गैरसोयीचे होते?

देवापासून दूर ‘अन्यत्र’ अशी जागा मनुष्यास कोठेही सापडत नाही, हे स्तोत्रकर्त्याने एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्रात कबूल केले आहे. आपल्या संकटात तर देव स्वतः अन्यत्र राहिला नाही; तो आपल्यामध्ये येऊन राहिला. म्हणून या आठवड्यात ज्या एका दारी जाण्याचे आपण टाळीत आहो, त्या दारी जाऊ या. प्रभू आपणांस तसे पाऊल उचलण्याची कृपा देवो.