सिमचा ट्रे गेल्यावर

2011 च्या सुरुवातीला जोहान्सबर्गच्या रस्त्यांवर एक चमत्कारिक चोरी उघडकीस आली. शहरातले सुमारे 400 सिग्नल कोणीतरी फोडले होते. चोरांना दिव्यांत रस नव्हता, तांब्याच्या तारांतही नव्हता. सिग्नल बिघडला की त्याने स्वतःच कचेरीला कळवावे म्हणून त्यात मोडेम आणि सिमकार्ड बसवलेले होते. चोरांनी ती सिम काढली, आपल्या फोनमध्ये घातली आणि मनसोक्त गप्पा मारल्या. बिल रस्ते विभागाच्या नावावर. ज्यांत सिम होते नेमके तेच सिग्नल फोडले गेल्यामुळे घरभेद्याचा संशयही आला.

यात सिमचा दोष म्हणावा तर तो त्याचा गुणच आहे. म्युनिकच्या गीझेके अँड डेव्हरिएंटने 1991 साली फिनलंडच्या रेडिओलिन्या कंपनीसाठी पहिली सिमकार्डे बनवली, ती माणसाच्या खिशातल्या फोनसाठी. एका फोनमधून काढावे, दुसऱ्यात घालावे, नंबर तोच. एटीएम कार्डाएवढे हे कार्ड आकसत आकसत 12.3 बाय 8.8 मिलिमीटरवर आले. मधल्या काळात मोबाइलच्या दुकानांत स्टेपलरसारखे दिसणारे सिम कटर आले. दुकानदार ‘खट्’ असा आवाज करून मोठ्याचे छोटे करून द्यायचा, आणि सोनेरी पट्टी कापली गेली नाही ना, हे पाहत गिऱ्हाईक श्वास रोखून उभे राहायचे.

माणसाच्या हातात हे ठीक होते. तेच कार्ड विजेच्या मीटरमध्ये, बसच्या ट्रॅकरमध्ये किंवा शेतातल्या पंपावर बसवले की धूळ, उष्णता आणि हादरे सुरू होतात. खाचेतले कार्ड जरा हलले की यंत्र मुके.

पण खरी अडचण ना धुळीची, ना चोरांची. ती आहे दूरसंचार कंपनी बदलण्याची. 2018 च्या फेब्रुवारीत एअरसेल या मोबाइल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा ग्राहकांची नंबर पोर्ट करून घेण्यासाठी धावाधाव झाली. माणूस धावू शकतो. भिंतीवरच्या मीटरला कोणीतरी जाऊन भेटावे लागते. केंद्राच्या 2021 च्या योजनेत देशभर 25 कोटी स्मार्ट मीटर बसवण्याचे लक्ष्य होते. त्यातल्या फक्त एक लाख मीटरांची सिम बदलायची म्हटली आणि एका वायरमनने दिवसाला वीस मीटर उघडले, तरी पाच हजार दिवसांची मजुरी झाली. सील तोडणे, पुन्हा लावणे आणि कुलूप लावून गावाला गेलेली घरे वेगळीच.

म्हणून ई-सिम. ‘सिमच्या जागी सॉफ्टवेअर आले’ असे म्हणतात, ते अर्धेच खरे. चिप असतेच, सर्किटवर कायमची डकवलेली, जेमतेम 6 बाय 5 मिलिमीटरची. ग्राहकाची गुप्त चावीही चिपमध्येच राहते. फरक एवढाच, की कंपनीची ओळख, म्हणजे प्रोफाइल, आता हवेतून उतरवता आणि बदलता येते. फोनसाठी 2016 साली आलेल्या नियमांत क्यूआर कोड स्कॅन करणारा आणि ‘होय’ दाबणारा माणूस गृहीत होता. मीटरला ना डोळे, ना बोट. 2023 मध्ये आलेल्या एसजीपी.32 या मानकाने ही उणीव भरून काढली: दूरचा सर्व्हर आज्ञा देतो आणि हजारो यंत्रे आपापली प्रोफाइल बदलतात.

यातून सगळेच सुटते असे नाही. 2022 मध्ये एटी अँड टी या दूरसंचार कंपनीने अमेरिकेत थ्रीजी बंद केले, तेव्हा कितीतरी जुन्या मोटारींची आपत्कालीन मदत मागण्याची सोय मुकी झाली. प्रोफाइल बदलून जुना रेडिओ नवा होत नाही.

त्याहून मोठा प्रश्न सत्तेचा आहे. प्लास्टिकच्या सिमला टाचणी पुरायची. ज्याच्या हाती टाचणी, त्याची मर्जी. आता ती मर्जी सर्व्हर चालवणाऱ्याकडे गेली. ही भीती काल्पनिक नाही. ई-सिमचे नियम ठरवताना ग्राहकाने कंपनी सोडू नये अशी कुलपे त्यात घालण्याचा प्रयत्न झाला, या संशयावरून अमेरिकेच्या न्याय खात्याने एटी अँड टी, व्हेरायझन आणि मोबाइल कंपन्यांची संघटना जीएसएमए यांची चौकशी केली. 2019 च्या नोव्हेंबरात जीएसएमएने नियम करण्याची पद्धत बदलायचे मान्य केल्यावरच ती मिटली. भारतातही दूरसंचार नियामक ट्रायने 2024 च्या मार्चमध्ये यंत्रांच्या ई-सिमविषयी शिफारशी केल्या. त्यांचा बराचसा रोख हाच: प्रोफाइल सांभाळणारा सर्व्हर कोण चालवणार, आणि दूरसंचार कंपनीने त्याच्याशी जोडून घ्यायला नकार द्यावा का.

या बाबतीत माणूस आणि यंत्र यांना एकच माप लावणे चूक आहे. अमेरिकेत 2022 पासून आयफोन सिमच्या ट्रेविना विकला जातो. तिकडे चालून जाईल. पण फोन फुटला की सिम काढून भावाच्या जुन्या फोनमध्ये घालणाऱ्या माणसाला तो ट्रे अजून लागतो. फोनमधला ट्रे काढायची घाई झाली आहे, मीटरमधला काढायला मात्र उशीर. यंत्रात प्लास्टिकचे सिम ठेवण्याचे आज एकही धड कारण उरलेले नाही.

तेव्हा सोसायटीच्या लिफ्टचा आपत्कालीन फोन असो, पाण्याचे मीटर असो की बसगाड्यांचे ट्रॅकर, करारावर सही करण्याआधी पुरवठादाराला एवढे विचारावे: उद्या दूरसंचार कंपनी बदलायची झाली तर प्रोफाइल कोण बदलणार, किती दिवसांत, आणि त्याचे पैसे कोण देणार? उत्तर तोंडी मिळाले तर ते लेखी मागावे.