कधीपासून?

लेण्याद्रीच्या पायथ्याशी, गोळेगावात, एक म्हातारे शेतकरी राहत. घरात कुठलाही वाद निघाला की त्यांचा निकाल एका शब्दात लागे : "पूर्वापार."

नातवाचं लग्न झालं. नव्या जोडप्याला घेऊन सगळे डोंगरावरच्या गिरिजात्मज गणपतीच्या पूजेला निघाले. विधवा धाकटी सून नारळाची पिशवी घेऊन पहिल्या पायरीशीच थांबली. तिला कुणी थांब म्हणावंही लागलं नाही, आणि मला वाटतं, सगळ्यात मोठं दुःख तेच.

पुण्यात वकिली शिकणारी नात म्हणाली, "आजोबा, काकू का नाही?"

"पूर्वापार चालत आलंय."

"कधीपासून?"

म्हातारबा न बोलता चढू लागले. पायऱ्या तीनशेच्या आसपास. ते दम घ्यायला टेकले की नात पांडुरंग वामन काण्यांची गोष्ट पुढे नेई. चिपळूणकडचा माणूस, मुंबई हायकोर्टातला वकील. 'व्यवहारमयूख' हा धर्मशास्त्राचा जुना ग्रंथ छापायला घेतला, प्रस्तावना लिहायला बसले. पण कुठला नियम कुठून आला, कधी बदलला, हे प्रस्तावनेत मावेना. त्यातून 'धर्मशास्त्राचा इतिहास' उभा राहिला. पहिला खंड 1930 साली, पाचव्याचा शेवटचा भाग 1962 साली. साडेसहा हजारांच्या घरात पानं. 1963 साली भारतरत्न.

"एवढं सगळं वाचलेला माणूस, आजोबा. केशवपन न केलेल्या एका विधवेला पंढरपुरात विठोबाची पूजा करू देईनात, तेव्हा तिच्या हक्कासाठी हेच काणे कोर्टात लढले."

वर पोचले. खांबाचा आधार नसलेलं ते प्रशस्त दालन, भिंतींत कोरलेल्या लहान लहान खोल्या. नव्या सुनेनं सहज विचारलं, "या खोल्या कुणाच्या?"

"बौद्ध भिक्खूंच्या. त्यांचा विहार होता हा."

"आणि बाप्पा?"

"ते मागनं आले," म्हातारबा म्हणाले, आणि बोलता बोलता थबकले. त्या खोल्यांच्या दगडाला हात लावून उभे राहिले. गुरुजींनी ताम्हन पुढे सरकवलं होतं.

"गुरुजी, जरा थांबा."

दुखऱ्या गुडघ्यांनी ते एकेक पायरी उतरले. सुनेच्या हातातली पिशवी घेतली. ती गोंधळून बघत राहिली.

"चल पोरी. मी येतो मागनं, सावकाश."

ती पुढे, ते मागे, असे दोघं चढू लागले.