जे बाजारात आलेच नाही

टक्सन हे अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातले एक शहर. तेथून नेवाडातल्या लास व्हेगासपर्यंत एक रिकामी बस चालवत न्यायची. वेग ताशी 45 मैलांच्या वर जात नाही. दोन्ही बाजूंना वाळवंट, रस्ता सरळ, बसमध्ये प्रवासी नाही, समोरून एकही गाडी येत नाही. पण बस किंचित उजवीकडे ओढते, त्यामुळे बटणावरचे बोट उचलून चहा घ्यायला जाण्याची सोय नाही. बस रस्त्यावरून उतरली की बंद पडते आणि ओढून पुन्हा टक्सनला आणली जाते. जितका वेळ खरोखर लागेल तितकाच वेळ घेऊन. लास व्हेगासला पोचायला 8 तास लागतात. पोचल्यावर मिळतो फक्त एक गुण.

हा एक व्हिडिओ गेम आहे. पेन आणि टेलर या अमेरिकन जादूगारांच्या जोडीने हिंसक खेळांवरून ओरड करणाऱ्या राजकारण्यांची टिंगल म्हणून तो रचला. 'घ्या, हा खेळ निरुपद्रवी आहे,' असे म्हणण्यासाठी! 'स्मोक अँड मिरर्स' नावाच्या संग्रहात तो होता आणि 1995 मध्ये तो संग्रह विक्रीला यायचा होता. त्याआधीच प्रकाशक कंपनी बुडाली. परीक्षणासाठी काही प्रती पत्रकारांकडे गेल्या होत्या, तेवढ्याच उरल्या. त्यांतली एक सुमारे दहा वर्षांनी फ्रँक सिफाल्डी या संशोधकाच्या हाती लागली. प्रसिद्ध न झालेल्या खेळांचा इतिहास गोळा करण्याचे काम त्यांनी 2003 पासून चालवले होते. त्यांनी तो खेळ लोकांसमोर ठेवला. मग 2007 मध्ये कॅनडातल्या काही विनोदी कलावंतांनी ठरवले, की हा कंटाळवाणा खेळ आपण दिवसरात्र खेळत बसायचे आणि बघणाऱ्यांनी इस्पितळातल्या आजारी मुलांसाठी पैसे द्यायचे. तेव्हापासून हा उपक्रम दरवर्षी होत आला आणि त्यातून लाखो डॉलर जमले. सदका-ए-जारिया म्हणजे चालू राहणारे पुण्य, असे आपण मुलांना शिकवतो. येथे ते अशा वस्तूतून निघाले जी कधी दुकानात आलीच नव्हती, आणि करणाऱ्यांची नियत तर थट्टेची होती.

या गोष्टीवर थांबून म्हणता येईल, की बघा, काहीही फेकू नका, कधी काय उपयोगी पडेल सांगता येत नाही. पण हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. एक रद्द झालेला खेळ कामास आला म्हणून उरलेले हजार येतील असे नाही. बहुतेक रद्द गोष्टी रद्द होण्याच्याच लायकीच्या असतात. जतन करायचे ते उपयोगासाठी, असे एकदा मान्य केले तर निरुपयोगी ठरलेले नष्ट करायलाही आपण मान्यता देऊन बसतो. खरा प्रश्न हक्काचा आहे. ज्याने एखादी गोष्ट केली आणि 'ही दाखवायची नाही' असे ठरवले, त्याच्या मागे ती उघडी करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

उर्दू शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. गालिबचा दीवान 1841 मध्ये छापला गेला तेव्हा तरुणपणीच्या कवितेचा मोठा भाग त्याने स्वतःच गाळला होता. जे गाळले ते भोपाळमधल्या 1821 च्या एका हस्तलिखितात राहून गेले आणि 1921 मध्ये 'नुस्खा-ए-हमीदिया' म्हणून छापले गेले. पुढे ते हस्तलिखितच अनेक वर्षे बेपत्ता होते. छापील प्रत नसती तर तो सारा काळ गालिबचा तो भाग जगाला मुकला असता. आज गालिबचा कोणताही गंभीर अभ्यासक ते शेर टाळून पुढे जात नाही. तरी वर्गात हे सांगताना माझा आवाज जरा खाली येतो. त्या माणसाने स्वतःच्या हाताने जे बाजूला सारले ते आपण त्याच्या मृत्यूनंतर उचलून वाचतो आहोत. पर्दापोशी हाही एक गुण आहे ना? दुसऱ्याचा कच्चेपणा झाकावा, ही शिकवण आपल्या घराघरांत आहे.

मात्र गालिब आणि व्हिडिओ गेम यांत एक मोठा फरक आहे. गालिबने स्वतःचे शेर गाळले. खेळ रद्द करतो तो बहुधा करणारा नसतो.

निन्टेन्डोच्या 'स्टार फॉक्स 2' चे उदाहरण घ्या. जपानची निन्टेन्डो आणि लंडनची अर्गोनॉट या दोन कंपन्यांच्या लोकांनी मिळून तो केला. मुख्य प्रोग्रामर डिलन कथबर्ट हा तरुण इंग्रज होता. 1995 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या प्रदर्शनात तो दाखवला गेला. खेळ जवळजवळ पूर्ण झाला होता. पण तोपर्यंत सोनीचे प्लेस्टेशन आले, त्याच्या चित्रांपुढे जुन्या यंत्रावरचा हा खेळ फिका दिसेल अशी भीती वाटली, निन्टेन्डोचे स्वतःचे नवे यंत्रही येऊ घातले होते. खेळ कपाटात गेला. त्यातल्या कल्पना पुढच्या खेळांत वापरल्या गेल्या, पण मूळ काम गायब. पुढे त्याच्या अपुऱ्या प्रती कुठून कुठून बाहेर आल्या, चाहत्यांनी त्या जोडून, इंग्रजीत आणून खेळल्या. शेवटी सप्टेंबर 2017 मध्ये निन्टेन्डोने स्वतःच तो अधिकृतपणे दिला. बावीस वर्षांनी! या बावीस वर्षांत खेळात काही बिघडले नव्हते, काही सुधारलेही नव्हते. बाजाराचे गणित बदलले होते, एवढेच.

म्हणजे येथे 'करणाऱ्याची इच्छा' हा शब्दच फसवा आहे. चित्रे काढणारे, संगीत रचणारे, कोड लिहिणारे, रात्र रात्र चुका शोधत बसणारे अशा कितीतरी लोकांची दोन-तीन वर्षे एका सहीने बंद होतात. खेळ आला तर शेवटी नावांची यादी येते, बारीक अक्षरांत का होईना. खेळ आला नाही तर यादीही नाही. वर गुप्ततेचा करार असतो, त्यामुळे 'मी हे केले' असे दुसरीकडे नोकरी मागताना दाखवताही येत नाही. माणसाच्या आयुष्यातली तीन वर्षे कागदावरून पुसली जातात. पर्दापोशी करायची ती माणसाच्या ऐबावर. मेहनतीवर पडदा टाकण्याला तो शब्द लावू नये.

जतनाच्या वाटेत तीन अडचणी आहेत. पहिली वस्तूचीच. जुन्या नमुना प्रती पुष्कळदा अशा चिपवर असत, जिच्यावरचा मजकूर अतिनील प्रकाशाने पुसून पुन्हा लिहिता येतो. म्हणून चिपच्या काचेवर चिकटपट्टी लावलेली असते. ती पट्टी निघाली, किंवा नुसती वर्षे गेली, तरी चिपमधला विद्युतभार झिरपत जातो आणि खेळ जागच्या जागी मरतो. कागदाला वाळवी लागलेली दिसते तरी. येथे काही दिसत नाही.

दुसरी अडचण माणसांची. अशी एकुलती प्रत ज्याच्याकडे आहे तो ती कुलुपात ठेवतो, कारण नक्कल निघाली की किंमत उतरते. इल्म दडवून ठेवण्याला आपल्याकडे कितमान म्हणतात आणि त्याची गणना साध्या कंजूषपणात होत नाही. शौकीन माणसाचे पैसे गेलेले असतात हे मला समजते. पण चिप झिरपत असताना तो जे राखतो आहे ते शेवटी काळ्या प्लॅस्टिकचा तुकडा उरेल, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

तिसरी अडचण कायद्याची. सिफाल्डींनी 2017 मध्ये स्थापन केलेल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली: अमेरिकेत 2010 पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी 87 टक्के आज बाजारात मिळत नाहीत. हे आलेल्या खेळांचे. न आलेल्यांची मोजदाद कशी करणार? अभ्यासकांना ग्रंथालयातले जुने खेळ दुरून, घरबसल्या पाहता यावेत ही मागणी तेथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये फेटाळली. लोक अभ्यासाच्या नावाखाली खेळत बसतील, ही एक धास्ती त्यामागे होती. कादंबरी अभ्यासाच्या नावाखाली मौजेने वाचली तर ग्रंथालय बुडते का?

मग चोरी चालेल का? 2020 मध्ये निन्टेन्डोच्या अंतर्गत फायलींचा मोठा साठा चोरून उघडा केला गेला. त्यात रद्द झालेल्या कामांचे अमोल नमुने होते. कोणाला आनंद झाला असेल तर मी त्याला दोष देणार नाही. आमच्या पिढीने टीव्हीला जोडायच्या नकली यंत्रांवर, नकली कॅसेटींवर निन्टेन्डोचे खेळ खेळले आणि कंपनीचे नाव नंतर ऐकले. माझा भाऊ मला दुसरा रिमोट द्यायचा, जो चालतच नसे. पण फुटलेल्या कुलुपातून नुसते खेळ बाहेर येत नाहीत, काम करणाऱ्यांचा आपसातला मजकूरही येतो. ज्यांची मेहनत पुसली गेली म्हणून मी वर बोलले, त्यांच्याच खाजगीपणाची ही लूट. याला जतन म्हणायला माझी जीभ वळत नाही. आणि तरी, त्यातून जे वाचले ते पुन्हा पुसून टाका असेही म्हणवत नाही.

येथवर मी बऱ्यापैकी निश्चिंत होते. मग माझ्यासमोर 'सिक्स डेज इन फल्लुजा' आला.

इराकमधल्या फल्लुजा शहरावर नोव्हेंबर 2004 मध्ये अमेरिकी फौजांनी मोठा हल्ला केला. बहुतेक वस्ती आधीच शहर सोडून गेली होती. जे राहिले त्यांत सामान्य नागरिक होते. तेथे पांढरा फॉस्फरस वापरल्याचे अमेरिकेने 2005 मध्ये कबूल केले. या लढाईवर, त्यात लढलेल्या मरीन सैनिकांच्या आठवणींवरून अटॉमिक गेम्स या अमेरिकन कंपनीने खेळ करायला घेतला आणि जपानच्या कोनामीने तो प्रकाशित करण्याची घोषणा एप्रिल 2009 मध्ये केली. गदारोळ झाला. काही आठवड्यांतच कोनामीने अंग काढून घेतले.

यावर माझी पहिली प्रतिक्रिया आहे: बरे झाले. त्या खेळाचे जे काही उरले असेल ते झिरपून जाऊ दे. घराचे दार लाथेने उघडून आत शिरायचे, आणि आत कोण आहे हे गोळी झाडल्यावर कळणार. ते घर कोणाचे तरी आहे. त्यासाठी कशाला हवे संग्रहालय?

पण 2009 च्या बातम्या वाचत गेले तेव्हा एक गोष्ट टोचली. विरोधाचे जे आवाज ठळकपणे छापले गेले ते प्रामुख्याने मारल्या गेलेल्या सैनिकांच्या नातेवाइकांचे आणि माजी सैनिकांचे होते. त्यांचे दुःख खरे होते, त्याबद्दल शंका नाही. परंतु फल्लुजातल्या एखाद्या आईचे म्हणणे मला त्या बातम्यांत सापडले नाही. खेळ थांबला, पण ज्यांची घरे त्यात दाखवायची होती त्यांच्या शब्दावर थांबला नाही. मग 2021 मध्ये व्हिक्टुरा आणि हायवायर या दोन कंपन्यांनी तोच खेळ नव्याने जाहीर केला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकन मुस्लिमांच्या केअर या संघटनेने मायक्रोसॉफ्ट, सोनी आणि व्हॉल्व्हला तो विकू नका असे सांगितले. या वेळी आक्षेप आमच्या बाजूचा होता. जून 2023 मध्ये खेळ अपुऱ्या अवस्थेतच विक्रीला आला.

या दोन तारखा शेजारी ठेवल्या, की कोणाचे अश्रू मोजले जातात हे दिसते. आणि ते दिसते ते 2009 च्या रद्द होण्याची नोंद राहिली म्हणूनच. तेव्हाची आवृत्ती, तिची जाहिरात, तिच्यातला इराकी माणूस कसा रेखाटला होता, हे सगळे नाहीसे झाले तर नवे प्रकाशक आपल्या पूर्वजाबद्दल वाटेल ते सांगू शकतील. कंपनीच्या लोकांनी इराकी नागरिकांशीही बोलल्याचे सांगितले आहे. जुन्या-नव्याची तुलना करायला जुने नको का? ज्याच्यावर अन्याय झाला त्याने पुरावा जाळून चालत नाही.

हे मला पटले ते व्हिडिओ गेममुळे नव्हे, मुहद्दिसांमुळे. बाराव्या शतकातल्या बगदादच्या इब्ने जौझी यांनी 'किताबुल मौजूआत' लिहिली, म्हणजे बनावट ठरलेल्या हदीसींचा ग्रंथ. पैगंबरांच्या नावाने रचलेल्या खोट्या गोष्टी! यापेक्षा नष्ट करण्याजोगे काय असेल? तरी त्यांनी त्या सनदीसकट नोंदवल्या: ही कोणामार्फत आली, कोणी बनवली, का टाकली. कारण खोटी गोष्ट नुसती गाडली तर ती दुसऱ्या गावात खरी म्हणून उगवते. त्यांनी ती राखली, पण मिंबरवरून वाचायला दिली नाही. राखणे आणि मिरवणे या दोन गोष्टी त्यांना वेगळ्या ठेवता आल्या.

तेव्हा फल्लुजाची ती जुनी आवृत्ती कोणाकडे असेल तर ती राखली जावी, अशा मतावर मी आले आहे. खूश होऊन नव्हे. मात्र सोबत सनद हवी. कोणी केली, कोणाच्या आठवणींवर केली, केव्हा जाहीर झाली, कोणी हरकत घेतली, कोणाच्या हरकतीवर मागे घेतली, हे सगळे लिहिलेले. हे रकाने बातम्यांवरून भरता येतात. फल्लुजाचे रहिवासी तेव्हा काय म्हणाले, हा रकाना मी भरायला घेतला होता. तो अजून कोरा आहे, आणि तो काढून टाकायचा नाही असे मी ठरवले आहे.