फोरोधानीची संध्याकाळ

झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये समुद्राला लागून फोरोधानी बाग आहे. दिवस मावळला की तिथे खाण्याच्या गाड्या लागतात. निखाऱ्यांवर ऑक्टोपस चरचरतो, उसाच्या चरकात आलं-लिंबू जातं, आणि पोरं धक्क्यावरून धडाधड पाण्यात उड्या घेतात.

पाहुण्यांची झुंबड माशांच्या सळ्यांपाशी. माझं मत विचाराल तर तिथे जरा सबुरीनं घ्यावं. मांडून ठेवलेला मासा किती वेळचा, ते कंदिलाच्या उजेडात कळत नाही. त्यापेक्षा गावकरी उभे असतात त्या पातेल्याकडे वळावं. तिथे उरोजो मिळतं. हळदीनं पिवळंधमक, कैरीनं आंबट झालेलं दाटसर सार. त्यात उकडलेला बटाटा, भजी, खोबऱ्याची चटणी, आणि वर कसाव्याचा तळलेला कीस. कसावा म्हणजे ज्याचा आपण साबुदाणा करतो तोच कंद! भजी तर मोसमी वाऱ्यांवर तिथे पोचलेल्या भारतीय व्यापाऱ्यांची आठवण करून देतात.

पातेलं भराभर उपसलं जातं, त्यामुळे शिळं उरायला वेळच नसतो. पैसेही सळीपेक्षा कमीच पडतात. फक्त पिलीपिली, म्हणजे तिथली मिरची, बेतानं घाला. ती आपल्या लवंगीला हार जाणारी नाही.