माळ्यावरची भांडी आणि वैराग्य

आळंदीहून पंढरीला निघालेल्या वारकऱ्याचे वळकटी, दोन धोतरे, पंचा, तांब्या आणि टाळ एवढ्यावर १८-२० दिवस निभतात. घरी परतला की त्याच माणसाला माळा पुरत नाही! आता मुले शहरात दोन खोल्यांत राहतात. गावचे घर आवरायचे म्हटले म्हणजे हंडे, पाटा-वरवंटा, पितळी डबे काढावेच लागतात. पण काढले म्हणजे वैराग्य झाले काय?

योगसूत्रांवरील व्यासभाष्यात विषयांचे पाच दोष सांगितले आहेत : मिळवणे, राखणे, नाश, आसक्ती आणि हिंसा. ते ओळखून मुळात न घेणे, हा अपरिग्रह. म्हणजे विचार करायचा तो घेताना. टाकायची पाळी आली म्हणजे उशीरच झाला म्हणायचा.

कठोपनिषदातल्या वाजश्रवसाने सर्वस्व दिले खरे, पण गाई दिल्या त्या दूध आटलेल्या. ते बोचले कोणाला, तर पोरवयाच्या नचिकेत्याला. फुटकी बादली गड्याच्या गळ्यात मारून 'दान केले' म्हणणाऱ्यांनी ही कथा पुन्हा ऐकावी.

आणि आपले तुकोबाराय पाहा. परंपरा सांगते, कर्जखते इंद्रायणीत सोडली ती स्वतःच्या वाट्याची. कान्होबांचा अर्धा वाटा त्यांच्या हाती दिला. भावाचा प्रपंच त्यांनी आपल्या वैराग्यात बुडवला नाही. तेव्हा म्हातारीचा हंडा मोडीत घालण्याआधी तिला विचारा तरी. माहेरचा असेल तो. 'राहू दे' म्हणाली तर राहू द्या, आणि आधी आपले जुने कोट काढा.