ई-क्लास कोणाची?

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात गायरानाला गायरान म्हणणारे थोडेच. सगळे 'ई-क्लास' म्हणतात. शब्द कचेरीतला, पण ढोरं चारणाऱ्या पोराच्या तोंडीही तोच. ई-क्लास म्हणजे दगडगोट्याची पडीक जमीन. बोरी, बाभळी, पावसाळ्यात कुसळीचं गवत आणि उन्हाळ्यात नुसता फुफाटा. कागदावर ती सरकारची. तिच्यावर पोट भरतं ते मात्र ज्यांच्या नावावर सात-बाराच नाही त्यांचं.

आता अशा जमिनींवर सौर प्रकल्प येऊ लागले आहेत, आणि त्यांच्यामागोमाग विरोधही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली, २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला. सबस्टेशनजवळच्या जमिनीवर पॅनेल बसवायचे आणि ती वीज शेतीच्या फिडरला दिवसा द्यायची, अशी ही कल्पना. एका मेगावॉटला चार-पाच एकर जमीन लागते.

योजना वाईट आहे असं मला म्हणवत नाही. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री बारा वाजता शेतात गेलेल्या माणसाला विचारा, दिवसाची वीज म्हणजे काय. पौषाची थंडी, हातात ब्याटरी, पाय चिखलात, आणि बांधाला काय सळसळलं ते कळत नाही. माझे वडील असे रात्री निघाले की ते परत येईपर्यंत आईचा डोळा लागत नसे. त्या बायांची झोप परत मिळत असेल तर तेही पुण्याचंच काम आहे.

मग विरोध कशाला? आमच्या ग्रामसभेत एका बागायतदाराने हेच विचारलं, "अरे बाप्पा, दिवसा लाईन भेटू राहिली, अन् तुमी आडवे काऊन येता?" मागून एक बकऱ्यावाली बाई उभी राहिली. म्हणाली, "बापू, लाईन तुमच्या मोटरीले भेटन. माह्या बकऱ्या काय पॅनेल खातीन?" सभा हसली. उत्तर मात्र कोणी दिलं नाही.

प्रश्न तिथेच अडला आहे. एका शेजाऱ्याचं भलं होतं, त्याची किंमत दुसरा शेजारी देतो, आणि आपण त्याला 'गावाचा फायदा' म्हणतो. हे न्यायाचं आहे काय?

हिशोब पाहा. या योजनेत खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडं, वर दरसाल ३ टक्के वाढ. सरकारी जमीन जाते नाममात्र भाड्याने. ग्रामपंचायतीला ३ वर्षे ५-५ लाख मिळतात. त्यातून रस्ता होईल, सभामंडप होईल. पण ज्या बाईची चराई गेली, तिचा या हिशोबात रकानाच नाही.

कोणी म्हणेल, जमीन सरकारची, तिचा हक्क कसला? पण १९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो पडीक जमिनीसाठीच. पुढे १९७८ आणि १९९१ साली शासनानेच गायरान कसणाऱ्या भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करण्याचे निर्णय काढले. म्हणजे कागद नसला तरी वहिवाटीला काही वजन असतं, हे सरकारनेही मानलं होतं.

आणि कागद असला म्हणजे सगळं निभावतं असंही नाही. धुळे जिल्ह्यातल्या विखरणच्या धर्मा पाटलांची पाच एकर जमीन वीजप्रकल्पासाठी घेतली गेली. आधी औष्णिक प्रकल्प ठरला होता, नंतर तिथे सौर प्रकल्पाचं घाटलं. मोबदला मिळाला चार लाखांच्या आसपास. तो वाढवून मागत हेलपाटे घालून थकलेल्या या म्हाताऱ्याने २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतलं, आणि २८ तारखेला ते गेले. ऊन स्वच्छ असलं म्हणून व्यवहार आपोआप स्वच्छ होत नाही.

म्हणून प्रकल्पच नको असं माझं म्हणणं नाही. युरोप-अमेरिकेत पॅनेलखाली मेंढ्या चारतात. गवत आपोआप कमी होतं, मेंढपाळालाही चार पैसे मिळतात. बकरी मात्र वर चढते, वायर कुरतडते. तिच्यासाठी वेगळा तुकडा राखावा लागेल, पाण्यावर जायची वाट मोकळी ठेवावी लागेल. पंचायतीच्या पैशातला पहिला वाटा चाऱ्याला द्यावा लागेल. यातलं काहीच अवघड नाही. फक्त तारेचं कुंपण पडायच्या आधी ते ठरायला हवं.

गावाच्या मालकीचं काही द्यायचं असेल तर 'गावाची हरकत नाही' एवढं लिहून भागत नाही. ज्याचं त्या जमिनीवाचून अडणार आहे, त्याला सगळ्यात आधी विचारावं. ज्याच्या विहिरीवर मोटर आहे त्याने शेवटी हात वर करावा. आपल्याकडे सभेत नेमकं उलटं होतं. बागायतदार पुढच्या सतरंजीवर बसतो आणि बकऱ्यावाली दाराजवळ उभी असते. तिला आधी बोलू दिलं, तर दिवसाची लाईन घेताना आपल्यालाही खाली मान घालावी लागणार नाही.