वाक्य पुरे होईपर्यंत

“जीव वाचला, यात सारे आले!” आमच्या थोरल्या काकांच्या, म्हणजे अण्णांच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण हेच म्हणून गेला. मीही म्हटले. कर्करोगामुळे त्यांचे स्वरयंत्र काढून टाकावे लागले होते. पण यात खरोखर सारे येते का, हा प्रश्न मला पडला तो त्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत.

स्वरयंत्र काढले की श्वास नाकातोंडातून जात नाही. गळ्याच्या खालच्या बाजूला केलेल्या छिद्रातून जातो. त्यामुळे आवाजाबरोबर वासही जातो. गरम चहावर फुंकर घालता येत नाही. छिद्रात पाणी शिरता कामा नये, म्हणून नरकचतुर्दशीला अण्णांना डोक्यावरून तांब्या ओतून घेता आला नाही. फटाक्यांचा धूर थेट छातीत जाईल, म्हणून आम्ही त्यांना आतल्या खोलीत बसवले. फराळाचे ताटही तिथेच नेऊन दिले. आपण त्यांची काळजी घेतो आहोत, असेच आम्हांला वाटत होते.

1873 साली व्हिएन्नाच्या बिलरोथ यांनी कर्करोगासाठी प्रथम संपूर्ण स्वरयंत्र काढले. त्यानंतर जीव वाचवण्याचे शास्त्र पुष्कळ पुढे गेले. पण वाचलेल्या जिवाचे मोल कुणी ठरवायचे? 1981 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत 37 निरोगी माणसांना विचारले होते: आवाज हवा की अधिक आयुष्य? सुमारे पाचांतल्या एकाने आयुष्य कमी झाले तरी चालेल, पण आवाज राहू द्या, असा कौल दिला. मी त्यांना हसणार नाही. आवाज हा काही अंगावरचा दागिना नव्हे. मात्र ती माणसे निरोगी होती. काय जाणार हे त्यांना कळत होते. काय उरते, हे कसे कळावे?

आम्हांला तर डोळ्यांसमोर असूनही कळले नव्हते. अण्णांच्या श्वासनलिकेत आणि अन्ननलिकेत मिळून एक छोटी झडप बसवली आहे. छिद्रावर बोट ठेवले की हवा घशात येते आणि घोगरे शब्द उमटतात. पण सावकाश, थांबत थांबत. ते थांबले की त्यांचे वाक्य आम्हीच पुरे करून टाकत असू. पाहुणे त्यांच्यादेखत मला विचारत, “ह्यांना तिखट चालतं का हो?” आणि मी उत्तर देई!

भाऊबीजेला अण्णा आपले ताट घेऊन बाहेर आले, पंगतीत बसले. काही सांगू लागले, आणि मी सवयीने मध्ये बोललो. त्यांनी पुन्हा बोट ठेवले. “अरे, वाक्य माझं आहे. मला पुरं करू दे.”

शस्त्राने आवाज नेला होता. बोलण्याची पाळी आम्ही नेली होती. आजारानंतरच्या आयुष्याचा कस पुष्कळसा शरीरावर ठरतो, हे खरेच. अण्णांना आता आरती म्हणता येत नाही, आणि त्याचे दुःख ते लपवीत नाहीत. पण काही भाग ऐकणाऱ्यांच्याही हाती असतो.

ओठ मिटून जांभई दिल्यासारखा जबडा खाली ओढला, की नाकात थोडी हवा शिरते. अण्णांनी हे शिकून घेतले आहे. गेल्या दिवाळीत पहाटे त्यांनी उटण्याची वाटी नाकाशी धरली आणि गळ्याकडे बोट नेले. अंघोळीची घाई होती, पाणी निवत होते. आम्ही सारे थांबलो.

“यंदा... वाळा... कमी पडलाय,” अण्णा म्हणाले.